नहाणीतून पाणी वर आलं तर

घरात कोणी नळ सोडलेला नसतो, कोणी आंघोळीला गेलेलं नसतं, आणि तरी तळमजल्यावरच्या नहाणीच्या जाळीतून काळपट पाणी वर येऊ लागतं. आधी गुडगुड आवाज, मग बुडबुडे, मग जाळीभोवती पसरत जाणारं डबकं. तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी वॉशिंग मशीननं नुकतंच पाणी सोडलेलं असतं. ते रस्त्याकडे जायला हवं होतं. पुढची वाट बंद असल्यामुळे ते सगळ्यात खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतं, आणि ते तोंड तुमच्या घरात असतं.

अशा वेळी कोणी ॲसिडची बाटली आणायला धावतं, कोणी ओळखीच्या प्लंबरला फोन लावतं. ॲसिड आणू नका. त्याचं कारण पुढे येईलच. प्लंबरला फोन जरूर करा, पण त्याआधी दहा मिनिटं काढून अडथळा कुठे आहे ते स्वतः शोधा. त्याला अवजार लागत नाही. पाणी घरातून रस्त्यापर्यंत कुठल्या वाटेनं जातं एवढं माहीत असलं की पुरतं. ते माहीत नसल्यामुळे लोक कमोड उखडतात, फरशी फोडतात, पुन्हा पुन्हा पैसे मोजतात, आणि चोकअप मात्र फाटकाजवळच्या चेंबरपाशी तसाच बसलेला असतो.

पाण्याची वाट

बेसिन, मोरी, बाथरूम यांचं पाणी आधी ट्रॅपमधून जातं. पाइपाच्या या वाकड्या भागात कायम दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. नहाणीखाली नहाणी ट्रॅप असतो. कमोडचा ट्रॅप त्याच्या अंगातच असतो. तिथून पाणी डक्टमधल्या उभ्या पाइपात पडतं. जुन्या इमारतींत असे दोन उभे पाइप दिसतात, एक संडासाचा आणि एक सांडपाण्याचा, आणि सांडपाण्याचा पाइप खाली जमिनीलगतच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे गली ट्रॅपमध्ये, उतरतो. नव्या इमारतींत बहुधा सगळं एकाच पाइपातून येतं. उभा पाइप गच्चीच्याही वर नेऊन त्यावर जाळीची टोपी बसवलेली असते, कारण पाणी सुरळीत पडायला मागून हवा लागते.

जमिनीवर आल्यावर चेंबरांची रांग सुरू होते. जिथे वळण, जिथे दोन पाइप मिळतात, तिथे एक चेंबर. एका चेंबरातून दुसऱ्यात साधारण सहा इंची पाइप, आणि सगळीकडे सलग उतार. उताराचा जुना ठोकताळा असा की चार इंची पाइपाला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. उतार फारच कमी पडला तर पाणी पुढे जातं आणि मैला मागे राहतो. रांगेतलं शेवटचं चेंबर फाटकाजवळ असतं. त्यापुढे पालिकेची वाहिनी, आणि ती नसेल तिथे सेप्टिक टाकी.

लक्षणं कशी वाचायची

एकच बेसिन तुंबलं आणि बाकी सगळं व्यवस्थित असेल, तर दोष त्या बेसिनच्या ट्रॅपमध्ये आहे. बाटलीसारखा ट्रॅप खालून फिरवून काढा, खाली बादली ठेवा, आतले केस आणि साबणाचा थर काढा, परत लावा. याला कोणाला बोलवायची गरज नाही.

बाथरूम आणि संडास दोन्हींचं पाणी हळू जात असेल, तर अडथळा त्या दोघांच्या सामायिक आडव्या पाइपात आहे. कमोडमधलं पाणी फ्लश केल्यावर काठापर्यंत चढून मग सावकाश उतरत असेल, तर पुढे पाइप पूर्ण बंद नाही, पण अरुंद झालाय. हा इशारा काही दिवस आधी मिळतो आणि याच वेळी काम केलं तर स्वस्तात भागतं. आणि तुमच्या घरात कोणी पाणी वापरत नसताना पाणी वर येत असेल, तर तो इमारतीच्या मुख्य पाइपाचा किंवा चेंबरचा प्रश्न आहे. तुमची फरशी फोडून तो सुटणार नाही.

नुसता वास येतोय, पाणी नाही, याचं कारण बहुतेकदा फार साधं असतं. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलात की नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि वायूला वाट मोकळी होते. दोन मग पाणी ओता, वास थांबेल. वास गेला नाही तर ट्रॅप तडकलाय का ते बघायला हवं. फ्लश केल्यावर शेजारच्या बेसिनमध्ये गुडगुड होत असेल, तर गच्चीवर जा. पाइपाच्या टोपीत कबुतरानं घरटं केलेलं असतं, किंवा वॉटरप्रूफिंगच्या कामात कोणीतरी ते तोंडच बुजवलेलं असतं.

बाहेरही बघण्यासारखं बरंच असतं. कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक एका ओळीत खचले असतील, तर खालचा पाइप फुटून त्यात माती वाहून जाते आहे. ऐन उन्हाळ्यात एखादा पट्टा ओला किंवा हिरवागार राहत असेल, तर तिथेही तेच. पाइपाच्या जोडातून पिंपळाचं रोपटं डोकावत असेल, तर त्याची मुळं आत किती पसरलीत याचा अंदाज बाहेरच्या चार पानांवरून बांधू नका. चिनीमातीचे जुने पाइप सिमेंटनं जोडलेले असतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं तो जोड शोधून आत शिरतात आणि त्यांच्या जाळ्यात कापडाचा एक तुकडा अडकला की उरलेलं काम आपोआप होतं.

चेंबर उघडून बघा

अडथळा नेमका कुठे आहे हे ठरवायची सगळ्यात खात्रीची रीत हीच, आणि नेमकी हीच बहुतेक सोसायट्यांत वापरली जात नाही. इमारतीजवळच्या पहिल्या चेंबरपासून सुरुवात करून फाटकाकडे एकेक झाकण उघडत जायचं. भरलेलं चेंबर, भरलेलं चेंबर, आणि मग एक कोरडं. शेवटचं भरलेलं आणि पहिलं कोरडं यांच्यामधल्या पाइपात अडथळा आहे. पहिलंच चेंबर कोरडं असेल आणि घरात पाणी तुंबलेलं असेल, तर दोष इमारतीच्या आत किंवा पहिल्या चेंबरपर्यंतच्या तुकड्यात आहे. फाटकाजवळच्या शेवटच्या चेंबरसकट सगळी काठोकाठ भरलेली असतील, तर अडथळा बहुधा रस्त्याखाली आहे. अशा वेळी खासगी माणसाला पैसे देऊन उपयोग नाही. पालिकेच्या मलनिस्सारण विभागाला कळवा. मुंबईत १९१६ वर तक्रार करता येते, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा. एक शक्यता मात्र तपासा. जुन्या इमारतींच्या शेवटच्या चेंबरात रस्त्याकडचा वायू अडवणारा एक मोठा ट्रॅप असतो, आणि अनेकदा सगळा कचरा त्याच्याच तोंडाशी साचलेला असतो.

झाकण लोखंडी सळईनं उचला, बोटांनी नाही. काडी, लायटर, विडी-सिगारेट जवळपास नको, कारण आत मिथेन असू शकतो. झाकण उघडल्यावर तोंडावर वाकून बघू नका. थोडं थांबा, लांबून टॉर्च टाका. उघड्या चेंबरजवळ एक मोठा माणूस उभा हवाच, आणि लहान मुलं घरात.

हे सगळं शक्य होतं ते चेंबर सापडलं तर. कंपाउंड सुशोभित करताना ठेकेदार झाकणांवरून सरळ पेव्हर ब्लॉक किंवा फरशी बसवतो, कोणी त्यावर कुंड्या मांडतं, कोणी गाडी लावतं, आणि चोकअपच्या रात्री दहा जण टॉर्च घेऊन जमीन ठोकत फिरतात. माझ्या मते सोसायटीनं ड्रेनेजवर करायचा पहिला खर्च म्हणजे हाच. सगळी चेंबरं शोधून काढा, जमिनीच्या पातळीला उघडता येतील अशी झाकणं बसवा, त्यांना क्रमांक द्या, आणि पाण्याच्या दिशेचे बाण असलेला एक साधा नकाशा वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. बिल्डरकडून आलेल्या मूळ आराखड्यावर विसंबू नका. प्रत्यक्षात पाइप अनेकदा वेगळ्या वाटेनं टाकलेले असतात.

पहिला अर्धा तास

मैलापाणी वर येत असताना सगळ्यात प्रभावी उपाय म्हणजे वरून येणारं पाणी बंद करणं. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा व्हॉल्व वॉचमनकडून बंद करून घ्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाका, “ड्रेनेज तुंबलंय, तळमजल्यावर पाणी येतंय, कृपया फ्लश, वॉशिंग मशीन, बेसिन काहीही वापरू नका.” नळ बंद झाला तरी भरलेल्या बादल्या आणि फ्लशच्या टाक्या असतातच, म्हणून संदेश हवाच. वरच्या मजल्यावर आजी-आजोबा एकटे राहत असतील तर कोणीतरी वर जाऊन त्यांना सांगून यावं.

नहाणीच्या तोंडात ओली गोणी कोंबून वर वजन ठेवण्याचा मोह होतो. त्यानं थोडा वेळ मिळतो, पण पाणी मग कमोडमधून वाट काढतं. त्यापेक्षा बाहेरच्या, घराच्या फरशीपेक्षा खालच्या पातळीवर असलेल्या चेंबरचं किंवा गली ट्रॅपचं झाकण उघडून द्या. पाणी अंगणात सांडेल, दिसायला वाईट दिसेल, पण घरात चढणं थांबेल. पिण्याच्या पाण्याची टाकी त्या बाजूला असेल तर मात्र ही युक्ती वापरू नका.

पाणी प्लगपर्यंत, फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पायापर्यंत पोचायच्या आत मेन स्विच बंद करा. तो स्विच पाण्यातून चालत जाऊनच बंद करावा लागणार असेल, तर जाऊ नका. मीटरच्या खोलीतून बंद करून घ्या. गमबूट, रबरी हातमोजे, आणि पायाला जखम असेल तर त्या पाण्यात पाय न घालणं, एवढं पाळाच. फोटो काढून ठेवा. घराचा किंवा दुकानाचा विमा असेल तर पॉलिसीत मैलापाणी उलटण्याचा समावेश आहे का ते नीट वाचा. पुराचा उल्लेख आहे म्हणजे हेही त्यात आलं असं समजू नका.

ॲसिड आणि पुड्या

पूर्ण तुंबलेल्या पाइपात ॲसिड ओतलं तर ते अडथळ्यापर्यंत पोचतच नाही. वर साचलेल्या पाण्यात मिसळून तिथेच राहतं. मग प्लंबर हात घालतो किंवा स्प्रिंग फिरवतो आणि ते त्याच्या तोंडावर उडतं. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरशी ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. कुजलेल्या गाळावर ॲसिड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कॉस्टिकच्या पुड्या स्वयंपाकघराच्या किंचित तुंबलेल्या पाइपातलं तेल सोडवायला कधी कधी उपयोगी पडतात, पण ॲल्युमिनियमच्या भांड्यात त्या कालवू नका, आणि चोकअप काढणाऱ्या माणसाला आधी काय ओतलंय ते न विसरता सांगा. त्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो.

घरातल्या घरात करण्यासारखा उपाय म्हणजे रबरी पंप. कमोडला त्याच्या तोंडात बसेल असा वाढीव कडेचा पंप लागतो. तो पाण्यात पूर्ण बुडवून, शेजारच्या नहाणीचं तोंड ओल्या फडक्यानं दाबून धरून, सलग पंधरा-वीस वेळा दाबायचा. ढकलण्याइतकाच ओढण्याचा झटका महत्त्वाचा. त्यानं सुटलं नाही तर पुढे स्प्रिंगचं यंत्र लागेल. तार किंवा गजाचा तुकडा घालू नका; पीव्हीसीचं वळण त्यानं फुटतं आणि चोकअपचं काम गळतीचं होऊन बसतं.

चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही

हे वाक्य सोसायटीच्या सभेत ठराव म्हणून मंजूर करून घ्या.

चेंबर आणि सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास थांबला म्हणून वायू गेला असं उतरणाऱ्याला वाटतं आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या पत्नींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ मध्ये न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. पैशानं माणूस परत येत नाही, हे त्या घरांइतकं कोणाला कळणार?

हातानं मैला साफ करण्याची प्रथा बंद करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात गटाराच्या आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी थेट किंवा ठेकेदारामार्फत माणूस लावायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा पालिकेपुरता नाही, खासगी सोसायटीलाही लागू आहे. “त्यानं स्वतःच उतरतो म्हटलं, पाचशे जास्त मागितले” हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही आणि चालू नये. काम देताना ठेकेदाराकडून लेखी घ्या की काम जेटिंग (पाण्याचा जोरदार फवारा) आणि सक्शनच्या यंत्रानं होईल. पेटता दिवा किंवा मेणबत्ती सोडून हवा तपासण्याची जुनी रीत तर सरळ स्फोटाला आमंत्रण आहे. विषारी वायूबद्दल ती काही सांगतही नाही. कोणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि आत कोंडलेल्या हवेत माणूस अडकलाय असं स्पष्ट सांगा. यंत्रानं सफाई करून घेण्यासाठी केंद्र सरकारनं १४४२० हा क्रमांक सुरू केला आहे. आपल्या शहरात तो लागतो का ते आजच पाहून ठेवा.

अडथळा काढणं आणि दुरुस्ती

चेंबर ते चेंबर अडथळा असेल तर चांगला कारागीर कोरड्या चेंबरकडून कामाला लागतो. जेटिंगच्या नळीच्या टोकाला मागच्या दिशेनं फवारे असतात; नळी चढाकडे पुढे सरकते आणि कचरा मागे ओढून आणते. अडथळा सुटताना साठलेलं सगळं पाणी एकदम कोरड्या चेंबरात येतं, म्हणून त्या क्षणी कोणी वाकलेलं नको. चेंबरच्या पुढच्या तोंडाशी जाळी धरायला सांगा. नाहीतर सुटलेलं फडकं पुढच्या वळणावर जाऊन बसतं आणि पंधरा दिवसांत तोच माणूस पुन्हा येतो.

काय निघालं ते बघा. किळस वाटली तरी बघा, कारण पुढची दुरुस्ती त्यावरच ठरते. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स निघाले तर प्रश्न वापराचा आहे. फ्लश करता येतात असं पाकिटावर छापलेले वाइप्ससुद्धा कागदासारखे विरघळत नाहीत. पांढरट, मेणासारखे गोळे निघाले तर स्वयंपाकघराचं तेल. सिमेंटचे खडे किंवा थर निघाला तर कोणाच्या तरी घरी नूतनीकरण चालू आहे आणि फरशीवाला ग्राउट कालवलेलं पाणी नहाणीत ओततोय. नूतनीकरणाची परवानगी देतानाच सोसायटीनं नहाणी आणि कमोड झाकून काम करण्याची अट घालावी. आणि माती, खडी, मुळं निघाली तर पाइप फुटलाय. तो साफ करून भागणार नाही.

तशी शंका आली की पाइपात कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. तो खर्च जड वाटतो, पण सगळं कंपाउंड खणण्याऐवजी सहा फूट खणून काम होतं. पाइप बदलताना डक्टमधला पातळ भिंतीचा पाइप जमिनीत पुरू देऊ नका. जमिनीखालच्या वापरासाठी जाड भिंतीचे पाइप वेगळे मिळतात. खाली वाळूची किंवा काँक्रीटची गादी, वर गाड्या जाणार असतील तर काँक्रीटचं कवच, आणि उतार लेव्हलनं तपासलेला, नुसत्या नजरेनं नव्हे. चेंबरच्या तळाशी अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरतं प्लास्टर असतं. ते उखडलेलं असेल तर मैला कोपऱ्यात साचतो. दोन पोती सिमेंटचं हे काम बाकी सगळ्या दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं आहे आणि तेच बहुधा राहून जातं.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी चाचणी घ्या. वरच्या मजल्यावरून एकाच वेळी तीन-चार बादल्या पाणी सोडा आणि प्रत्येक चेंबरात ते न थांबता पुढे जातंय का ते उभं राहून बघा.

खर्च कोणाचा यावरून भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टाकीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं व्हायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास-बेसिनचं काम सभासदानं करायचं. तळमजल्यावर पाणी येतं म्हणून तो प्रश्न एकट्या तळमजल्याचा ठरत नाही.

हॉटेल, दवाखाना, दुकान

हॉटेलच्या किंवा खानावळीच्या स्वयंपाकघरात मैलापाणी आलं तर स्वयंपाक त्या क्षणी थांबवा. “तेवढी ऑर्डर देऊन टाकू” हा विचार गिऱ्हाइकाच्या पोटावर बेतेल. पाण्याचा शिंतोडा लागलेलं सगळं अन्न, भाज्या, पीठ, उघडे मसाले टाकून द्या. बंद डबे धुऊन निर्जंतुक केल्यावरच आत घ्या. मूळ दोष बहुतेकदा ग्रीस ट्रॅपमध्ये असतो. तेल आणि गाळ मिळून त्याचा पाव भाग भरला की तो काम करेनासा होतो. गर्दीच्या हॉटेलात ही वेळ दर आठवड्याला येते, म्हणून सफाईची तारीख भिंतीवर लिहा. गरम पाणी ओतून तेल “पुढे पाठवणं” हा उपाय नव्हे. चार चेंबरं ओलांडल्यावर ते थंड होऊन रस्त्याखाली घट्ट बसतं आणि सगळ्या गल्लीचं पाणी उलटतं.

सलूनला केस अडवणारी जाळी हवी, दंतवैद्याच्या दवाखान्याला प्लास्टरचा गाळ बसवणारी टाकी. तळघरात संडास असेल तर मैलापाणी पंपानं वर उचलावं लागतं, आणि तिथे एकच पंप असणं धोक्याचं आहे. दोन पंप, पातळी वाढल्यावर वाजणारी घंटा, आणि जनरेटरवर जोडणी, कारण मुसळधार पावसात वीज जाते आणि नेमकं तेव्हाच तळघर भरतं.

स्वच्छता, आणि पिण्याचं पाणी

पाणी ओसरल्यावर आधी चिखल खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्यानं घासा, मग जंतुनाशक. हा क्रम उलटा केला तर ब्लीच मातीवरच खर्ची पडतं. एक लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून वरचं निवळलेलं पाणी फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर लावा, दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. गाद्या, उशा, भिजलेला गालिचा टाकून द्या. कापसाची गादी उन्हात कितीही वाळवली तरी आतला मैला जात नाही. फुगलेलं प्लायवूडही ठेवू नका.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं, आणि तिकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. कित्येक इमारतींत ही टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर पाच-दहा फुटांच्या अंतरावर असतात. चेंबर वाहिलं आणि टाकीचं झाकण सैल असलं, तर मैलापाणी सरळ पिण्याच्या पाण्यात. शिवाय आपल्याकडे नळाला दिवसातून काही तासच पाणी असतं. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि फुटक्या जोडातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढून घेते. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो या वाटेनं येतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता.

म्हणून चोकअप झालेल्या दिवशी टाकीतलं पाणी वापरणं थांबवा. टाकी रिकामी करून घासून घ्या, मग भरून हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात क्लोरीन घाला, रात्रभर ठेवा, ते पाणी सोडून द्या आणि पुन्हा भरा. ही टाकीसुद्धा बंदिस्त जागाच आहे. दोन्ही झाकणं उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आणि वर माणूस उभा असल्याशिवाय सफाईवाल्याला आत पाठवू नका. नंतर पाण्याचा नमुना पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत द्या, आणि अहवाल येईपर्यंत उकळूनच प्या. त्या पाण्यातून वावरलेल्यांनी, विशेषतः पावसाळ्यात आणि पायाला जखम असताना, लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावं. ताप येण्याची वाट बघू नये.

पावसाळ्याआधी

मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं आणि मलवाहिन्या वेगवेगळ्या आहेत. तरीही कंपाउंडमधलं पाणी लवकर जावं म्हणून लोक मॅनहोलचं किंवा चेंबरचं झाकण काढून ठेवतात. त्यानं मलवाहिनी भरते आणि तळमजल्यांच्या नहाण्यांतून पाणी उलटतं. त्याहून भयंकर म्हणजे पाण्याखालचं उघडं तोंड दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर घराकडे चालत निघाले असताना अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाऊस कितीही पडो, झाकण काढायचं नाही.

नदीकाठच्या गावांत वेगळी गोष्ट घडते. नदी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी गटारातून उलटं चालायला लागतं आणि पूर दारातून येण्याआधी नहाणीतून येतो. शहरांत रस्ते दर वेळी थर चढवून किंवा काँक्रीट करून उंच होत गेले आणि जुन्या इमारतींचे तळमजले रस्त्याच्या खाली राहिले. तिथेही परिणाम तोच. अशा घरांना आणि दुकानांना पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप बसवावी. ती कुठे बसवायची याचा मात्र नीट विचार हवा. इमारतीच्या मुख्य लाइनवर बसवली तर झडप मिटल्यावर वरच्या मजल्यांचं पाणी मागे साठून तुमच्याच घरात येईल. खरा उपाय असा की तळमजल्याचं सांडपाणी वरून येणाऱ्या उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्र पाइपानं पुढच्या चेंबरात न्यायचं आणि झडप त्या स्वतंत्र पाइपावर घालायची. झडप मिटलेली असताना तळमजल्यानंही पाणी वापरायचं नाही. ती छोट्या चेंबरात, उघडता येईल अशी बसवून घ्या आणि तिच्यावर फरशी लावू देऊ नका. दर वर्षी मेअखेरीस ती उघडून पात्याखालचा गाळ काढावा लागतो.